यंत्राच्या गाण्यांत कोणाचें गाणें?

यंत्राला गाणें रचतां येईल काय, हा प्रश्न आज घरोघरीं ऐकूं येतो. चार ओळी लिहून दिल्या कीं कृत्रिम बुद्धिमत्ता अल्पावधींत वाद्यमेळासह पुरें गीत तयार करून देते. ऐकणारा कधीं हरखतो, कधीं बिचकतो. परंतु हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. त्याच्या मागें अडीचशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो पाहतांना श्रोत्यांनीं एकच गोष्ट ध्यानांत ठेवावी. यंत्रांतून काय बाहेर पडलें, एवढेंच न विचारतां त्यांत आधीं काय घातलें होतें आणि तें कोणाचें होतें, हेंही विचारावें.

अठराव्या शतकांत युरोपांतील सुखवस्तु घरांतून फांसे टाकून संगीत रचण्याचा एक खेळ रूढ होता. कीर्नबर्गर नांवाच्या संगीतज्ञानें १७५७ सालीं बर्लिन येथें असा एक खेळ छापला. पुढें १७९३ च्या सुमारास मोझार्टच्या नांवावर तसाच एक खेळ निघाला. तो त्याचाच, असें मात्र सिद्ध झालेलें नाहीं. दोन फांसे टाकावे, बेरीज येईल त्याप्रमाणें कोष्टकांतील एक तुकडा उचलावा, आणि असे १६ तुकडे जोडावे, कीं नृत्याची एक लहानशी चाल तयार होई. कोष्टकांत एकंदर तुकडे १७६. फांसे आंधळे खरे. पण प्रत्येक तुकडा कोणा जाणत्यानें आधींच रचून ठेविलेला असल्यामुळें कसेंही दान पडलें तरी चाल कानाला खटकत नसे.

इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यानें एका विशाल गणनयंत्राची योजना आंखली होती. त्या यंत्राविषयीं १८४३ सालीं लिहिलेल्या टिपणांत एडा लव्हलेस या विदुषीनें असें भाकीत केलें कीं, स्वरांचे परस्परसंबंध जर नियमांनीं मांडतां आले, तर हें यंत्र कितीही गुंतागुंतीची संगीतरचना करूं शकेल. त्याच टिपणांत तिनें बजाविलें कीं, यंत्र स्वतः होऊन कांहीं नवें निर्माण करीत नाहीं. आपण जें सांगूं शकतों तेंच तें करतें. तें यंत्र पूर्ण बांधलें गेलें नाहीं, पण वादाच्या दोन्ही बाजू तेव्हांच मांडल्या गेल्या.

भाकीत खरें ठरलें अमेरिकेंत. इलिनॉय विद्यापीठांत ‘इलियाक’ नांवाचा संगणक १९५२ सालीं उभा राहिला. लेजॅरेन हिलर आणि लिओनार्ड आयझॅक्सन हे दोघे रसायनशास्त्रज्ञ त्यावर काम करीत. मोठ्या रेणूंच्या अभ्यासांत यदृच्छेनें आंकडे काढून त्यांतून संभाव्य रचना पारखण्याची जी रीत आहे, तीच त्यांनीं स्वरांना लावली. संगणकानें स्वर काढावा, तो नियमांत बसतो कीं नाहीं हें तपासावें, न बसल्यास टाकून दुसरा काढावा, अशी ही पद्धति. निघालेले आंकडे माणसांनीं हातानें स्वरलिपींत उतरविले. ९ ऑगस्ट १९५६ रोजीं या रचनेचे पहिले तीन भाग चार तंतुवाद्यांवर जाहीरपणें वाजविले गेले. पुढें चौथ्या भागाची भर पडून ‘इलियाक सूट’ १९५७ सालीं पूर्ण झाला, आणि १९५९ सालीं दोघांनीं ‘एक्सपेरिमेंटल म्युझिक’ हा ग्रंथ लिहिला.

आतां, त्या संगणकांत काय घातलें होतें? पहिल्या भागांतील नियम जुन्या युरोपीय स्वरसंगतीचे, म्हणजे फुक्स याच्या १७२५ च्या ग्रंथांतून पिढ्यानुपिढ्या शिकविले गेलेले. फुक्सनें ते घेतले पॅलेस्ट्रीना या सोळाव्या शतकांतील रचनाकाराच्या आदर्शावरून. म्हणजे पूर्वीं तुकडे घातले जात, तेथें आतां नियम आले. पण त्या नियमांच्या मागेंही माणसांचेंच गायन होतें.

पुढचें पाऊल डेव्हिड कोप यांनीं टाकलें. कॅलिफोर्नियांतील या रचनाकाराला नवें कांहीं सुचेनासें झालें, तेव्हां १९८१ च्या सुमारास त्यांनीं असा संगणकीय क्रम रचावयास घेतला, कीं ज्यांत नियमांऐवजीं एखाद्या रचनाकाराच्या कृतीच घालाव्या आणि त्यांच्या मोडणीवरून त्याच शैलीची नवी कृति काढावी. १९९७ सालीं ओरेगॉन विद्यापीठांत तीन रचना वाजविल्या गेल्या. एक बाखची, एक स्टीव्ह लार्सन या संगीताच्या प्राध्यापकाची, आणि एक कोप यांच्या संगणकाची. श्रोत्यांनीं संगणकाची रचना बाखची ठरविली आणि लार्सनची संगणकाची! परंतु तेथेंही बाखचें नांव सर्वांच्या ओठांवर होतें. ऋण कोणाचें, हें लपलेलें नव्हतें.

आजच्या यंत्रांत तुकडे नाहींत, नियम नाहींत, एकट्या बाखच्या कृतीही नाहींत. त्यांत असंख्य गायकवादकांचीं ध्वनिमुद्रणें मुरविलेलीं आहेत, आणि निघालेल्या गीतांत कोणाचा किती वांटा, हें सांगणें दुरापास्त झालें आहे. जून २०२४ मध्यें तीन मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनीं अशीं गीतें काढणाऱ्या दोन संस्थांवर अमेरिकेंत दावे लावले, ते याच कारणानें. त्यांतील कांहीं २०२५ सालीं तडजोडीनें मिटले. मूळ प्रश्न मात्र तडजोडीनें मिटणारा नाहीं.

यावर कोणी म्हणेल, माणूस तरी काय निराळें करतो? आमचा गवईसुद्धां वर्षानुवर्षें गुरूचें ऐकूनच शिकतो ना? आक्षेप खरा आहे. पण तोच गवई गुरूचें नांव उच्चारतांना कानाच्या पाळीला हात लावतो. आपल्या गळ्यांतून दुसऱ्याचें धन वाहतें आहे, याची ती जाहीर कबुली असते. यंत्राला कान नाहींत, आणि पाळीही नाहीं. म्हणून ही कबुली तें यंत्र बांधणाऱ्यांनीं आणि ऐकणाऱ्या आपण सर्वांनीं द्यावयाची आहे. नांव घेऊन द्यावी, आणि जेथें कोणाच्या पोटाचा प्रश्न आहे तेथें दाम मोजूनही द्यावी. तेवढें झालें, तर यंत्राचें गाणें ऐकण्यांत कमीपणा मानण्याचें कांहींच कारण नाहीं.