न्यास, प्रन्यास, अभिन्यास

नागपुरात जमिनीचा विषय निघाला की 'एनआयटी'चं, म्हणजे नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचं, नाव आल्याशिवाय राहत नाही. कागदोपत्री ती नागपूर सुधार प्रन्यास, बातम्यांच्या मथळ्यांत नासुप्र. १९३६ च्या कायद्याने जन्मलेली ही संस्था ठेवावी की मोडावी, हा शहरातला जुना वाद. निवडून दिलेली महापालिका असताना भूखंड विकणारी, नकाशे मंजूर करणारी, विकास शुल्क घेणारी दुसरी संस्था हवीच कशाला, असं एक बाजू विचारते. रस्ते, उद्यानं, नव्या वस्त्या यांची आखणी निवडणुकीच्या धामधुमीपासून दूर राहूनच होऊ शकते, असं दुसरी सांगते. २०१६ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने बरखास्तीचा निर्णय घेतला आणि पुढच्या सरकारच्या काळात तो फिरला. हे मुद्दे नागपूरकरांना तोंडपाठ आहेत. मला बोलायचं आहे ते 'प्रन्यास' या शब्दाबद्दल, कारण या वादाची नस तिथे सापडते असं मला वाटतं.

संस्कृतात 'अस्' या धातूचा एक अर्थ टाकणे, फेकणे. त्याला 'नि' हा उपसर्ग लागला की खाली ठेवणे. त्यावरून न्यास, म्हणजे ठेवणं, आणि मग ठेवलेली वस्तू, ठेव. पूजेतला अंगन्यास याच घरातला. विन्यास म्हणजे मांडणी. संन्यास म्हणजे सगळंच खाली ठेवून निघणं. इंग्रजी 'ट्रस्ट'साठी आपल्या सरकारी भाषेत 'न्यास' आला. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत सार्वजनिक न्यास नोंदले जातात. नागपुरात मात्र 'प्र' लागून प्रन्यास झाला. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, तिथल्या सरकारी भाषेला हिंदीचं वळण होतं. राजस्थानातल्या अशा काही संस्थांच्या नावातही 'प्रन्यास' आला.

'न्यास' या शब्दाची सगळ्यात नेमकी फोड मिताक्षरेत सापडते. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली. ठेवींचे प्रकार सांगताना तो निक्षेप आणि न्यास वेगळे काढतो. धन्याच्या समक्ष सोपवला तो निक्षेप. आणि घरधनी घरात नसताना, त्याला न दाखवता, घरच्या माणसांच्या हाती 'धनी आले की त्यांना द्या' असं सांगून दिलेली वस्तू, तो न्यास. म्हणजे न्यासात तिघे असतात. देणारा एक, सांभाळणारा दुसरा आणि ज्याच्या माघारी हे सगळं घडलं तो घरधनी. सांभाळणाऱ्याचं काम एकच, धनी आला की वस्तू त्याच्या हवाली करणं.

आता या फोडीच्या उजेडात मुंबईतला असाच ट्रस्ट पाहा. १८९६ साली मांडवी भागात प्लेग दिसला आणि शहर हादरलं. दाट वस्ती, कोंदट खोल्या, तुंबलेली गटारं यांच्यावर उपाय म्हणून १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. लोकांनी निवडलेले सभासद असलेली महापालिका तेव्हा होतीच. तरी जमीन संपादन करून गल्ल्या पाडण्याचं काम तिच्याकडे गेलं नाही. ट्रस्टच्या मंडळावर पालिकेचे थोडे प्रतिनिधी, बाकी सरकारी अधिकारी आणि व्यापारी संस्थांची माणसं. नागपाड्यातली घरं पडली, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड निघाले, आणि ज्यांची घरं गेली त्यांतले पुष्कळ गरीब जवळच्याच गच्च वस्त्यांत शिरले. जिथून गर्दी हटवली तिथे उजेड आला, शेजारी ती आणखी दाटली. याच ट्रस्टने बीआयटी चाळीही बांधल्या, त्या आजही लोकांच्या तोंडी आहेत. परळच्या अशाच चाळीत डॉ. आंबेडकर कित्येक वर्षं राहिले. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. पस्तीस वर्षांनी का होईना, ठेव घरधन्याकडे आली.

'इम्प्रूव्हमेंट' या शब्दाचं मूळही पाहण्यासारखं आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'प्रू' म्हणजे नफा, आणि इंग्रजीत 'इम्प्रूव्ह'चा आरंभीचा अर्थ फायद्यात आणणं, त्यातही जमिनीचं उत्पन्न वाढवणं. चांगलं करणं हा अर्थ मागाहून आला. मराठीत त्याला 'सुधार' भेटला, जो आपल्याकडे समाजसुधारणेच्या झगड्यात तापून निघालेला होता. आगरकरांचं 'सुधारक' हे वृत्तपत्र १८८८ मध्ये सुरू झालेलं. जमीन घ्यायची, रस्ता काढायचा, किंमत वाढली की भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढची योजना करायची, हा अशा ट्रस्टांचा व्यवहार. 'सुधार' म्हटलं की त्यातला हिशेब नजरेआड होतो, याची मला काळजी वाटते.

त्याच 'न्यास'चं आणखी एक भावंड नागपूरकरांच्या रोजच्या आयुष्यात आहे. लेआउटला सरकारी मराठीत म्हणतात अभिन्यास. शेतमालकाने लेआउट टाकलं, माणसाने आयुष्याची पुंजी घालून प्लॉट घेतला, घर उभं केलं, आणि मग कळलं की अभिन्यास मंजूरच नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरं नियमित करण्याची वाट निघाली. तेव्हापासून 'डिमांड भरली का?' आणि 'आरएल मिळालं का?' हे वस्त्यावस्त्यांतले प्रश्न. डिमांड म्हणजे भरायच्या शुल्काची मागणी, आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. ते नसेल तर बँक कर्जाला हात लावत नाही, घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक कचरतं. शुल्क प्रन्यासकडे भरलेलं आणि नळाचं, गटाराचं गाऱ्हाणं मात्र नगरसेवकाकडे, अशी त्या घराची ओढाताण.

शहराभोवतीच्या पट्ट्यासाठी नवी संस्था आली, तिच्या नावात न्यास उरला नाही. ती महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. 'अधि' म्हणजे वर, 'कृ' म्हणजे करणे. वरून करणाऱ्याचा हा शब्द, त्यात कुणाची ठेव नाही आणि ती परत देण्याची गोष्टही नाही. शहराचा जुना भाग नीट करायला वेगळी संस्था लागू शकते, हे मला मान्य आहे. पण ती स्थापन करणाऱ्या कायद्यातच तिने शहर कधी परत द्यायचं याची मुदत असावी. प्रन्यास राहो की जावो, तिच्या ताब्यात आलेली जमीन, विकलेले भूखंड आणि वस्तीवस्तीतून गोळा झालेलं शुल्क यांची यादी प्रभागवार, मराठीत, प्रत्येक झोन कार्यालयाच्या भिंतीवर लागली पाहिजे.