वारुसचा विश्वास

इ. स. ९ मध्ये जर्मानियातील ट्युटोबर्ग अरण्यात रोमचे १७, १८ व १९ या क्रमांकांचे तीन लिजन नष्ट झाले. सेनापती वारुसने आत्महत्या केली.

त्याला कुणी सावध केले नव्हते, असे नाही. चेरुस्की जमातीच्या सेगेस्टीसने आर्मिनियसचा कट उघड सांगितला होता. परंतु आर्मिनियस त्याच जमातीचा असूनही रोमन नागरिक होता, वारुसच्या पंक्तीला जेवत होता. वारुसने ती सूचना निंदा मानली आणि दूरच्या बंडाच्या वार्तेवर विसंबून सैन्य अरण्यात नेले.

आम्हांस वाटते, वारुसने विश्वास ठेवला हा दोष नव्हे. तो पारखून घेतला नाही, हा दोष. आपल्यासारखा दिसणारा तो आपला, असे आपणही किती सहज मानतो! ते तीन क्रमांक रोमने पुन्हा कोणत्याही लिजनला दिले नाहीत.