जुना संगणक, नवी प्रणाली आणि आपली अक्षरे

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज 10’ या आपल्या संचालन प्रणालीची नियमित व विनामूल्य देखभाल थांबविली. आमच्या पेडणे तालुक्यातील चोपड्यासारख्या गावीही ज्यांच्या घरी वा शाळेत मेजावरचा जुना संगणक आहे, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: ही पेटी आता भंगारात काढावी की तिच्यात नवी प्रणाली घालावी? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर गेल्या तीस वर्षांचा इतिहास थोडा चाळावा लागेल.

संगणकाची यंत्रसामग्री म्हणजे शाळेची इमारत मानली, तर संचालन प्रणाली म्हणजे त्या शाळेचा मुख्याध्यापक होय. कोणत्या कामास किती स्मृती द्यावयाची, लिहिलेला मजकूर कोठे ठेवावयाचा, कळ दाबताच पडद्यावर काय उमटवावयाचे, ही सारी व्यवस्था तिच्याकडे असते. मात्र दर नवा मुख्याध्यापक अधिक मोठी इमारत मागतो. 1995 मधील ‘विंडोज 95’ ला 4 मेगाबाइट स्मृती कशीबशी पुरे. 2001 च्या ‘एक्सपी’ने किमान 64 मेगाबाइट मागितली, 2009 च्या ‘विंडोज 7’ ने 1 गिगाबाइट, आणि 2021 च्या ‘विंडोज 11’ ने 4 गिगाबाइट. सव्वीस वर्षांत मागणी हजारपटीने वाढली! शिवाय ‘विंडोज 11’ ला सुरक्षेसाठी ‘टीपीएम 2.0’ नावाची विशिष्ट सोयही यंत्रात असावी लागते. ती नसल्यामुळे धडधाकट चालणारे पुष्कळ संगणकही दाराबाहेर राहिले.

कोणी म्हणेल, देखभाल थांबली म्हणून यंत्र थोडेच थांबते? ते खरे आहे. परंतु प्रणालीतील नवनवी छिद्रे उघडकीस येतच असतात, आणि ती बुजविणारा कोणी उरत नाही. मे 1017 नव्हे, अगदी आपल्या डोळ्यांदेखत, मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ नामक उपद्रवी कार्यक्रमाने दीडशे देशांतील संगणकांना कुलपे घातली. इंग्लंडमधील रुग्णालयांना रोग्यांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या छिद्राची दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांना फटका बसला. यास्तव देखभाल संपलेली प्रणाली घेऊन इंटरनेटवर वावरणे शहाणपणाचे नाही.

मग गरीब शाळेने काय करावे? याचा एक धडा आपल्या गोव्यातच आहे. या शतकाच्या आरंभी ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर प्रोजेक्ट’ या उपक्रमाने परदेशात वापरून झालेले संगणक येथील शाळांसाठी आणविले आणि त्यांवर ‘लिनक्स’ ही मुक्त प्रणाली चालविली. 1991 मध्ये लिनस तोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. ती वापरावयास परवान्याचे मोल पडत नाही आणि तिचे हलके प्रकार जुन्या यंत्रावरही चालतात. पुढे 2007 मध्ये सी-डॅक संस्थेनेही ‘बॉस’ नावाची लिनक्स-प्रणाली भारतीय भाषांसह प्रसिद्ध केली. अर्थात मुक्त प्रणालीही जुन्याचा भार जन्मभर वाहत नाही. ‘डेबियन’ने ऑगस्ट 2025 मधील आपल्या आवृत्तीपासून जुन्या 32-बिट यंत्रांवर नव्याने बसण्याची सोय काढून टाकली.

येथवर यंत्राची गोष्ट झाली. माझ्या मते खरा प्रश्न यंत्रात साठविलेल्या अक्षरांचा आहे. युनिकोड या जागतिक संकेताच्या 1991 मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. ‘विंडोज 2000’ मध्ये मराठी व कोकणी यांना स्थान मिळाले. पण तत्पूर्वी, आणि नंतरही कित्येक वर्षे, आपण मराठी मजकूर लिहिला तो खास टंकांच्या आधारे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असत. तो टंक नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली, तर ‘श्रीगणेशा’ऐवजी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक कालवा दिसतो. त्यातून जुन्या 16-बिट काळातील लेखनाचे कार्यक्रम 64-बिट विंडोजवर मुळीच चालत नाहीत. म्हणजे प्रणाली नवी झाली, फाइल जागच्या जागी राहिली, आणि वाचणारे मात्र कोणी उरले नाही!

गोमंतकास हा अनुभव नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले ते रोमी लिपीत. देवनागरीचे खिळेच येथे नव्हते. मोडी लिपीतील जुने दप्तर आज मूठभर जाणकारांवाचून मुके आहे. 1961 पूर्वीच्या पोर्तुगीज नोंदी घरात असूनही नातवंडांना त्या लागत नाहीत. कागद टिकला, शाई टिकली. वाचण्याची किल्ली तेवढी हरवली. संगणकाच्या बाबतीत ही किल्ली हरवावयास तीन पिढ्या लागत नाहीत, एक प्रणाली बदलली तरी पुरे.

यास्तव, श्रोतेहो, जुन्या यंत्रात नवी प्रणाली घालण्यापूर्वी क्रम लक्षात ठेवावा. प्रथम सर्व मजकुराची प्रत दुसऱ्या दोन ठिकाणी काढावी. मग ते जुने यंत्र चालू आहे तोवरच मराठी फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात आणि मुळाशी ताडून पाहाव्यात. कारण रूपांतरात जोडाक्षरे व रफार हटकून बिघडतात. त्यानंतर यंत्राची शक्ती पाहून विंडोज की लिनक्स हे ठरवावे. आणि काहीच पेलवत नसेल, तर इंटरनेटपासून तोडून ते निव्वळ लेखनासाठी ठेवावे.

गावच्या नाट्यमंडळाची संहिता, शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर, एखाद्या आजोबांनी टंकलिखित करवून घेतलेला कुलवृत्तांत, यांची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही. पेटी जुनी झाली तर नवी घेता येते. तेव्हा भंगारवाल्यास हाक मारण्याआधी त्या पेटीत काय लिहून ठेवले आहे, ते एकदा उघडून वाचा.