शहजाद्याची बंदूक आणि पानठेल्यावरची पुडी

दारव्हा असो, पुसद असो की वणी असो, आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही बसस्थानकाबाहेर पानठेल्यासमोर क्षणभर उभे राहावे. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ती घोटली जात असते. हा आपला खर्रा. सुपारी या देशात शेकडो पिढ्यांपासून आहे, तंबाखूला येऊन चारशे वर्षे झाली, चुना तर प्रत्येक घरात होताच. म्हणजे यातील पदार्थ एकही नवा नाही. असे असता पूर्वीचा माणूस पान खाऊन कामाला लागे आणि आज नववी-दहावीतील मुलाच्या गालातून खर्रा दिवसभर हलत नाही, हे कशामुळे? ‘मुले बिघडली’ हे उत्तर सोपे आहे. इतिहास मात्र वेगळे काही सांगतो.

1596 च्या तहाने चांदबिबीला वऱ्हाड मोगलांच्या हवाली करावे लागले. आपले यवतमाळ त्या सुभ्यात ‘योत-लोहारा’ या नावाने नोंदलेले आढळते. या स्वारीचा प्रमुख शहजादा मुराद. त्याने बाळापूरजवळ शहापूर वसविले आणि 1599 मध्ये, वयाची तिशी गाठण्यापूर्वीच, दारूने त्याचा बळी घेतला. त्याच्यामागून धाकटा भाऊ दानियाल दख्खनेत आला. त्याचीही तीच गत होणार हे ओळखून अकबराने त्याचा सासरा अब्दुर्रहीम खानखाना याच्यावर देखरेखीची जबाबदारी टाकली. पहारे बसले, दारू बंद झाली. तेव्हा दानियालने आपल्या एका बंदुकवाल्याला गळ घातली. जहांगीर आपल्या आत्मवृत्तात लिहितो की, त्या इसमाने दोनदा गाळलेली दारू बंदुकीच्या नळीत भरून आत नेली. नळीतील गंज व दारूगोळ्याची काजळी तीत उतरली आणि ती पिऊन शहजादा अंथरुणास खिळला, तो पुन्हा उठलाच नाही. हे 1605 साल, गाव बुऱ्हाणपूर. त्या बंदुकीच्या नावातच ‘जनाजा’ हा शब्द होता!

ही कथा बोधकथा म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. मला तीत दुसरेच काही दिसते. ज्याच्या पायाशी खजिना होता, त्याच्या आणि पेल्याच्या मध्ये निदान भिंत उभी करता येत होती. ती भेदण्यासाठी बंदुकीची नळी लागली.

खुद्द जहांगीर दिवसाला वीस पेले पीत असे. हात इतके कापू लागले की पेला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. हकीम हुमामने स्पष्ट बजावले, तेव्हा त्याने सात वर्षांत वीसावरून सहापर्यंत उतरविले. पूर्ण सुटली नाहीच. आणि याच बादशहाने 1617 मध्ये तंबाखूवर बंदी घातली, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

तंबाखू दरबारात आला तो विजापूरहून. 1604-05 च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग याने तो नक्षीदार नळीसह आणला. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, हकिमांनी अडविले, त्याने पुढे ती सवय केली नाही. पण अमीर-उमरावांनी मागणी केली आणि व्यापाऱ्यांनी माल आणला. जहांगीरचा इराणातील वकील खान आलम याला तर तंबाखूवाचून क्षणभर राहवत नसे. शेवटी बंदी घालणाऱ्या शाह अब्बासलाच त्याला सवलत द्यावी लागली.

तरीही हुक्क्याला पाणी बदलावे लागे, चिलीम भरावी लागे, निखारा फुलवावा लागे. पानदान उघडले की अडकित्ता, कात, चुना, लवंग आणि समोर बसलेला पाहुणा असे. तलफ आणि तृप्ती यांच्या मध्ये थोडा अवकाश असे. व्यसन तेव्हाही होते, परंतु या अवकाशाने त्याला लगाम घातला होता.

नव्या व्यापाराने नेमका हाच अवकाश काढून टाकला. 1881 मध्ये अमेरिकेत जेम्स बॉनसॅक याच्या यंत्राला पेटंट मिळाले. ते मिनिटाला सुमारे दोनशे सिगारेटी वळू लागले. 1980 च्या दशकात आपल्याकडे पानदान चिमूटभर पुडीत आले. किंमत मुलाच्या खिशाला झेपेल अशी. चुन्याने तंबाखूतील निकोटिन सुटे होते व गालाच्या आतील नाजूक त्वचेतून लवकर रक्तात उतरते. सुपारीतील अरेकोलिन आपली तरतरी वेगळीच देते. मेंदूला चटका जितका लवकर बसतो तितकी सवय घट्ट होते. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे, पण खर्रा डोळ्यांसमोर घोटून मिळतो.

हा अवकाश पुन्हा निर्माण करण्याचे एक मोठे उदाहरण मदीनेतील आहे. शराबबंदी एका दिवसात आली नाही. आधी बकरा सूरेत लाभापेक्षा हानी मोठी असल्याचे सांगण्यात आले. मग निसा सूरेत नशेच्या अवस्थेत नमाजजवळ जाऊ नये, असा हुकूम झाला. दिवसातून पाच नमाज! दोन नमाजांच्या मधल्या वेळेत पिणार केव्हा आणि शुद्धीवर येणार केव्हा? पिण्याला वेळच उरेनासा झाला. माइदा सूरेतील अंतिम मनाई आली तेव्हा लोकांनी शराब मदीनेच्या गल्ल्यांत ओतून दिल्याचे हदीसमध्ये नमूद आहे.

मोबाइलचाही हाच प्रकार. चित्रपटाला मध्यंतर होते, वर्तमानपत्राला शेवटचे पान होते. बोटाने सरकणाऱ्या चित्रफितींना शेवट नाही. पुढची चांगली निघेल की वाईट हे ठाऊक नसते, म्हणून बोट थांबत नाही. कधी दाणा मिळतो, कधी नाही, असे असले की पिंजऱ्यातील कबुतर अधिक चोची मारते, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलेच आहे.

पण मोबाइलने तोंड बंद होत नाही. सुपारीने होते. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी ही तंबाखूविनाही कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. त्याआधीची पायरी म्हणजे गाल आतून पांढरट व कडक होत जाणे. तिखट झोंबू लागते, मग घास लहान करावा लागतो. कडक झालेला गाल सहसा पूर्ववत होत नाही. तेव्हा आज रात्री दस्तरखानावर बसल्यावर मुलाला तोंड उघडायला सांगावे आणि त्याची स्वतःची तीन बोटे एकावर एक, उभी, दातांमधून आत जातात का ते पाहावे. दोनच जात असतील तर रागावण्यात वेळ न घालवता दुसऱ्याच दिवशी दंतवैद्याकडे न्यावे.