उन्हाचे तास आणि विजेचे माप
सौर पॅनेलपासून किती वीज मिळेल, हा प्रश्न अलीकडचा. त्याचे उत्तर मात्र ज्या नोंदींवर उभे आहे, त्या निराळ्याच हेतूने ठेवलेल्या होत्या. काचेच्या गोलाने ऊन एकवटून लाकडी वाडग्यावर जळखूण उमटविण्याची युक्ती कॅम्बेल यांनी १८५३ मध्ये काढली. स्टोक्स यांनी १८७९ मध्ये वाडग्याच्या जागी धातूच्या चौकटीतील कागदी पट्टी आणली. ही पट्टी उन्हाचे तास सांगे, ऊर्जा नव्हे. ढगाळ दिवशी ती कोरी राही. पण कोरी पट्टी म्हणजे शून्य ऊर्जा नव्हे, आणि सारी अडचण येथेच होती.

१९२४ मध्ये ऑंगस्ट्रॉम यांनी तासांवरून ऊर्जा काढण्याचे सूत्र दिले. स्टॉकहोमच्या नोंदींवर आधारलेल्या या सूत्राप्रमाणे ऊन मुळीच न पडलेल्या दिवशीही निरभ्र दिवसाच्या सुमारे चतुर्थांश ऊर्जा भूमीवर पोहोचते. हे प्रमाण स्थळागणिक बदलते. म्हणून प्रत्यक्ष मापनाला पर्याय नव्हता. भारतात ते कार्य १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने, तेव्हा पुण्यात असलेल्या ॲना मणी यांच्या पुढाकाराने उभे राहिले. भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचा त्यांचा ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला.

तरीही प्रकाश मोजला म्हणजे वीज मोजली, असे होत नाही. पॅनेलची शक्ती चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि घटाचे २५ अंश सेल्सियस तापमान धरून ठरवितात. त्यापुढील प्रत्येक अंशास सिलिकॉनचे उत्पादन सुमारे ०.४ टक्क्याने घटते. वैशाखातील विदर्भात घट ६० अंशांपर्यंत तापला, तर भर उन्हातच सातवा हिस्सा वीज हातची जाते.