डिंकाची रसायनशुद्धी

सालीला जखम झाली की झाडातून चिकट रस पाझरतो आणि वाळून त्याचे खडे होतात. तोच डिंक. दिल्लीत त्याचा जुना बाजार फतेहपुरी मशिदीजवळ, खारी बावलीत. तिथे बाभळीचा डिंक आणि गोंद कतीरा मसाल्यांच्या पोत्यांशेजारी विकले जातात. १९०६ साली सुरू झालेल्या हमदर्द दवाखान्याच्या या शहरात युनानी वैद्यकही रुजले, आणि त्यात गोळी बांधायला बाभळीचाच डिंक, म्हणजे समग-ए-अरबी. माल पारखायचा तो रंग, पारदर्शकता आणि अडकलेली साल पाहून. लाडवाच्या डिंकाला एवढी पारख पुरते, औषधाला पुरत नाही. एकाच जातीच्या दोन झाडांचा डिंक चिकटपणात सारखा नसतो, शिवाय त्यात जंतू आणि विकरे असतात. बाभळीच्या डिंकातील पेरॉक्सिडेज हे विकर मॉर्फीनसारखी औषधे बिघडवते. म्हणून डिंक तापवून ते आधी निष्क्रिय करावे लागते.

निर्धोकपणाचा प्रश्न पहिल्या महायुद्धात फार गंभीरपणे पुढे आला. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम बेलिस यांनी रक्तस्रावाने खचलेल्या सैनिकांच्या शिरेत डिंक मिसळलेले मिठाचे पाणी सोडण्याचा उपाय सुचवला. त्याने रक्तदाब सावरत असे. मात्र हा डिंक यकृतात साठून राहतो हे पुढे कळले आणि उपाय मागे पडला. पोटात चालणारा पदार्थ रक्तात चालेलच असे नाही.

भारतात डिंकाच्या रसायनाचा उद्योगाला झालेला उपयोग दिसतो तो रसायनशास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर यांच्या कामात. ते लाहोरच्या विद्यापीठात असताना रावळपिंडीजवळ तेलविहिरी खणणाऱ्या अटक ऑइल कंपनीपुढे एक अडचण होती. खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच खणकामाचा चिखल थिजून घट्ट होई आणि काम थांबे. भटनागरांनी त्यात एक भारतीय डिंक घातला. चिखल पातळ राहिला आणि क्षारांनी साकळेनासा झाला. अटक ऑइलशी संबंधित स्टील ब्रदर्स या कंपनीने त्यांना संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. ती रक्कम स्वतः न घेता त्यांनी विद्यापीठाकडे वळवली, आणि ही गोष्ट त्या शोधाइतकीच मोलाची मानली पाहिजे. १९४२ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे ते पहिले प्रमुख झाले. परिषदेचे मुख्यालय दिल्लीत आहे.

डिंक आहे तसा न वापरता त्याचा रेणूच बदलायचा तर कांडोळाचे उदाहरण सर्वांत बोलके. या पांढऱ्या खोडाच्या झाडाला पांढरूकही म्हणतात. त्याचा डिंक पाण्यात फुगतो, पण नीट विरघळत नाही, कारण त्याच्या साखळीवर अ‍ॅसिटिल गट असतात. साठवणीत हेच गट हळूहळू सुटतात आणि डिंकाला व्हिनेगरसारखा वास येतो. अल्कलीने ते मुद्दाम काढून टाकले की डिंक विरघळू लागतो. दुसरी रीत कार्बोक्सिमिथिलीकरणाची: कॉस्टिक सोडा आणि मोनोक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल वापरून साखळीला ऋणभारित गट जोडायचे. त्याने विद्राव्यता वाढते आणि कापडछपाईची खळ किंवा औषध सावकाश सोडणारी गोळी अशा कामांसाठी डिंक घडवता येतो. पण ते आम्ल विषारी असते. अल्कोहोलने वारंवार धुऊन त्याचा उरलेला अंश काढणे हा म्हणूनच या कृतीतील कळीचा टप्पा. तो आटोपता घेतला तर बाकीची सारी मेहनत रुग्णाच्या दृष्टीने निरर्थक ठरते.

औषधी डिंक कसा असावा हे औषधकोश ठरवतो. स्वतंत्र भारताच्या औषधकोशाची पहिली आवृत्ती १९५५ साली निघाली. आज तो दिल्लीलगतच्या गाझियाबादमधील भारतीय औषधकोश आयोग प्रसिद्ध करतो. बाभळीच्या डिंकाच्या जुन्या, सरावाच्या कसोट्या साध्या आहेत. द्रावणात आयोडीन टाकल्यावर निळा रंग आला तर त्यात स्टार्चची भेसळ आहे, आणि फेरिक क्लोराइडने काळपट झाले तर टॅनिन असलेला दुसराच डिंक मिसळला आहे.