वरळीचे दगडी बेडूक

वसई-विरारच्या टेकडीवर लाकडासारखा दगड सापडला, की लोक आधी किंमत विचारतात. ओळख मागून! इथला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात जीवाश्म क्वचितच टिकतात. शोधायचे ते लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात.

मुंबईत वरळीच्या टेकडीत असा गाळ मिळाला आणि त्यात इवलेसे बेडूक. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांना ‘राना पुसिला’ म्हटले, म्हणजे आजच्या बेडकांच्याच गोतावळ्यात बसवले. १९३० मध्ये संशोधक नोबल यांनी ‘इंडोबॅट्राकस’ ही स्वतंत्र प्रजाती ठरवली. पारख बदलायला ८३ वर्षे लागली.

आणि लाकडासारखा दगड, म्हणजे अश्मीभूत खोडे पाहायची तर गडचिरोलीत सिरोंचाजवळचे वडधम गाठावे.

टेकडीवर असा तुकडा सापडला, तर उचलण्याआधी जागेचा फोटो मात्र काढा. थर कळल्याशिवाय वय ठरत नाही.